वाचकांचे प्रश्न : चष्म्यातला कॅमेरा आणि त्याच्यावरचा दिवा

रे-बॅन मेटा हे कॅमेरा बसवलेले चष्मे मे २०२५ मध्ये २९,९०० रुपयांपासूनच्या किमतीत भारतातील दुकानांत आले आणि तेव्हापासून या सदराच्या टपालात त्यांच्याविषयीची पत्रे वाढत गेली. बहुतेक पत्रांचा रोख एकाच गोष्टीकडे असतो, आणि ती म्हणजे चष्म्याच्या पुढच्या बाजूचा तो बारीक दिवा, जो चित्रीकरण चालू असताना लागतो असे सांगितले जाते. त्यांतील काही निवडक पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत.

प्रश्न : आमच्या नात्यातल्या एका हळदीच्या कार्यक्रमात नवऱ्या मुलाचा मित्र जाड काड्यांचा काळा चष्मा घालून बायकांच्या घोळक्यात वावरत होता. त्या चष्म्यात कॅमेरा आहे हे माझ्या भाच्याने नंतर सांगितले. विचारल्यावर तो मुलगा म्हणाला, "मावशी, दिवा लागलेला दिसला का तुम्हाला? नाही ना? मग मी काहीच शूट केलेले नाही." हे मान्य करावे का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : त्या मुलाने खरोखरच काही टिपले नसेल, हे शक्य आहे, परंतु त्याने पुढे केलेला पुरावा पुरेसा नाही. या चष्म्याच्या एका कोपऱ्यात कॅमेऱ्याचे भिंग आणि दुसऱ्या कोपऱ्यात जवळपास तशाच गोल खिडकीमागे पांढरा दिवा असतो. व्हिडिओ चालू असेपर्यंत तो दिवा लुकलुकत राहतो, मात्र नुसता फोटो काढला तर क्षणभरच चमकतो. म्हणजे आपण ताट उचलायला खाली वाकलात किंवा कोणाशी बोलायला मान वळवलीत, तेवढ्या वेळात फोटो निघून दिवा विझलेलाही असतो. भर दुपारच्या मांडवात किंवा झगमगत्या माळांच्या उजेडात तो पांढरा ठिपका दिसणे अवघडच, आणि दिसला तरी आजूबाजूच्या वीसपंचवीस बायकांपैकी किती जणींना त्याचा अर्थ ठाऊक होता, हा प्रश्न राहतोच.

ही शंका केवळ आपली नाही. या चष्म्याची आधीची आवृत्ती, रे-बॅन स्टोरीज, सप्टेंबर २०२१ मध्ये बाजारात आली, तेव्हा आयर्लंड आणि इटली या देशांच्या माहिती-संरक्षण यंत्रणांनी हाच मुद्दा उपस्थित केला होता : एवढ्या लहान दिव्यामुळे समोरच्या माणसाला खरोखर सूचना मिळते, हे फेसबुकने (म्हणजे आजच्या मेटा कंपनीने) किंवा रे-बॅनने प्रत्यक्ष वापराच्या ठिकाणी पुरेशा चाचण्या घेऊन दाखवून दिलेले नाही, असे त्यांचे म्हणणे होते. पुढच्या, म्हणजे २०२३ च्या आवृत्तीत दिवा मोठा झाला आणि त्याची उघडझाप ठळक झाली. तक्रार केल्याने उत्पादनात फरक पडतो, याचे हे एक बऱ्यापैकी उदाहरण म्हणता येईल.

आता आपण काय करू शकता ते सांगतो. चष्म्याने टिपलेले फोटो आणि व्हिडिओ मालकाच्या मोबाइलमधील अॅपमध्ये उतरवले जातात. तेव्हा यजमानांपैकी एखाद्या वडीलधाऱ्या माणसाने त्या मुलाला बाजूला घेऊन, चष्मा मोबाइलला जोडून, ते अॅप आपल्यासमोर उघडायला सांगावे. आवाज न चढवता केलेली ही मागणी नाकारण्याचे त्याला कारण नाही. पुसून टाकलेला फोटो यातून सापडणार नाही, हे खरे. पुढच्या कार्याच्या वेळी मात्र दाराशी अक्षता-कुंकू देणाऱ्यांनीच असे चष्मे काढून ठेवण्याची विनंती केलेली बरी. पाहुण्यांना ती खटकेल अशी भीती बाळगू नये, कारण नंतर जाब विचारण्यापेक्षा ती केव्हाही सोपी असते.

प्रश्न : मी अभियांत्रिकीचा विद्यार्थी आहे. दिवा झाकला तर कॅमेरा चालतच नाही, असे कंपनी सांगते. तसे असेल तर एवढी ओरड कशासाठी? आणि दिव्याला चकवणे तांत्रिकदृष्ट्या शक्य आहे का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : शक्य आहे आणि ते झालेलेही आहे. मात्र कुठे, कसे आणि किती श्रमांनी, हे पाहिले तरच ओरडीचा अर्थ कळतो.

दिव्याची विश्वासार्हता त्याचे नियंत्रण कोणाकडे आहे यावर ठरते. सर्वांत कच्ची रचना म्हणजे कॅमेरा चालवणारी आज्ञावली वेगळी सूचना देऊन दिवा लावते ती. अशा उपकरणात आज्ञावली बदलली, की कॅमेरा चालू आणि दिवा बंद अशी स्थिती सहज आणता येते. त्याहून पक्की रचना म्हणजे दिवा कॅमेऱ्याच्या विद्युत्-मंडलातच गुंफलेला असतो, जेणेकरून प्रतिमा टिपणारी चकती जागी झाली की दिव्याला लागण्यावाचून गत्यंतर नसावे. ऐकायला हे अभेद्य वाटते, परंतु २०१३ मध्ये अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी अॅपलच्या त्या वेळी जुन्या झालेल्या मॅकबुकमधील आयसाइट कॅमेऱ्यावर नेमके असेच गृहीतक मोडून दाखवले. त्या कॅमेऱ्यात दिवा चकतीच्या 'विश्रांती'च्या तारेला जोडलेला होता, म्हणजे चकती विश्रांतीत असली की दिवा बंद. संशोधकांनी कॅमेऱ्यातील सूक्ष्मनियंत्रकाची, म्हणजे कॅमेरा चालवणाऱ्या छोट्या चिपची, आज्ञावली बदलून चकतीला ती विश्रांतीची सूचना दुर्लक्षित करायला लावले. तारेवर 'विश्रांती' म्हणून दिवा विझलेला, आणि चकती मात्र प्रतिमा टिपत बसलेली! जोडणी तारेची होती, परंतु त्या तारेचा अर्थ लावण्याचे काम शेवटी आज्ञावलीकडेच राहिले होते. आपल्या अभ्यासक्रमात हे उदाहरण नसेल तर प्राध्यापकांना अवश्य सुचवा.

आपण म्हणता ती सोय यापुढची पायरी आहे. दिव्यावर बोट, चिकटपट्टी किंवा रंग आला तर चष्मा ते ओळखतो, दिवा मोकळा करण्याची सूचना देतो आणि तोपर्यंत टिपण्यास नकार देतो. आळशी लबाडीला याने नक्की आळा बसतो, आणि लबाडी करणाऱ्यांत आळशी लोकच बहुसंख्य असतात, असा माझा समज आहे. तथापि ऑक्टोबर २०२५ मध्ये अमेरिकेतील एक हौशी कारागीर ६० डॉलर घेऊन याच चष्म्याचा दिवा निकामी करून देतो आणि कॅमेरा मात्र पूर्ववत चालू ठेवतो, हे उघडकीस आले. चष्म्याच्या किमतीच्या मानाने ही रक्कम किरकोळ आहे. ह्यूमेन कंपनीच्या, छातीवर लावायच्या एआय पिन या कॅमेरा असलेल्या उपकरणामध्ये अशा छेडछाडीवर उपाय म्हणून दिव्याचा कारभार एका स्वतंत्र चिपकडे सोपवलेला होता आणि छेडछाड झाल्यास उपकरणच अडून बसावे अशी योजना होती. विचार योग्य होता. उपकरण मात्र चालले नाही आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये त्याची विक्री बंद झाली.

या सगळ्याच्या जोडीला ऑनलाइन बाजारात 'स्पाय कॅमेरा' या नावाखाली मिळणारे, दिवा मुळातच नसलेले चष्मे आहेत. तेव्हा 'दिवा आहे, म्हणून समाज सुरक्षित आहे' हे म्हणणे फार तर नामवंत उत्पादकाच्या, न छेडलेल्या उपकरणापुरते खरे मानता येईल.

परंतु माझ्या मते तांत्रिक चकव्यापेक्षा महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. दिवा पूर्ण प्रामाणिक असला तरी तो फक्त 'कॅमेरा जागा आहे' एवढेच सांगतो. प्रतिमा कुठे चालली आहे, ते सांगत नाही. ती मोबाइलमध्ये राहणार की इन्स्टाग्रामवर थेट दाखवली जाणार, की 'समोर काय दिसते आहे?' या प्रश्नाच्या उत्तरासाठी दूरच्या सर्व्हरवर जाणार, याचा पत्ता त्या लुकलुकण्यातून लागत नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये हार्वर्डमधील दोन विद्यार्थ्यांनी याच प्रकारच्या चष्म्याचे थेट प्रक्षेपण एका संगणकीय आज्ञावलीला जोडले. ती आज्ञावली दिसलेला चेहरा पिमआइज या चेहरा-शोध संकेतस्थळावर नेत होती आणि तिथून अनोळखी माणसाचे नाव, पत्ता व अन्य तपशील गोळा करून आणत होती. धोका लोकांच्या लक्षात यावा हा त्यांचा उद्देश असल्याने त्यांनी ती आज्ञावली खुली केली नाही. या प्रयोगात दिव्याला फसवण्याची गरजच नव्हती, हे लक्षात घ्यावे. रस्त्यावर एखाद्याने पांढरा ठिपका पाहिला असता, तरी आपले घर शोधले जात आहे अशी कल्पना त्याला कुठून येणार?

गुगलने २०१३ मध्ये १,५०० डॉलरना विकलेल्या गुगल ग्लासमध्ये असा स्वतंत्र दिवाही नव्हता. डोळ्यासमोरच्या काचेची चमक हीच काय ती खूण. त्यानंतर २०१६ मध्ये आलेल्या स्नॅप (स्नॅपचॅटची कंपनी) हिच्या चष्म्यांवर चित्रीकरणाच्या वेळी दिव्यांचे कडे गोल फिरत असे. लहान मुलाच्या खेळण्यासारखे दिसणारे ते कडे पुष्कळांना हास्यास्पद वाटले, परंतु समोरच्याला कळवण्याच्या कामी ते आजच्या एकट्या ठिपक्यापेक्षा सरस होते, असेच मी म्हणेन.

प्रश्न : मी फिजिओथेरपिस्ट असून माझा स्वतःचा दवाखाना आहे. अलीकडे एक तरुण रुग्ण असा चष्मा घालून आला. "माझा नंबरचाच चष्मा आहे," असे त्याचे म्हणणे पडले. मी त्याला तो काढायला लावू शकते का? कायदा माझ्या बाजूने आहे का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : दवाखाना आपला आहे, तेव्हा तिथे कॅमेरा कुठे चालेल आणि कुठे नाही, हे ठरवण्याचा अधिकार आपलाच आहे. त्यासाठी कोणत्या विशेष कायद्याची वाट पाहावी लागत नाही. फलक लावावा, नोंदणीच्या वेळी तोंडी सांगावे आणि नंबर असल्यास साधा चष्मा बरोबर आणण्याची सूचना भेटीच्या निरोपातच द्यावी. उपचाराच्या वेळी चष्म्यावाचून अडत नसेल तर तो डब्यात बंद करून रुग्णाच्याच पिशवीत ठेवायला सांगावा.

कायद्याचे चित्र मात्र आपल्याला वाटते तितके भक्कम नाही. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने पुट्टस्वामी खटल्यात २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने मान्य केले, परंतु त्या निकालाने एका नागरिकाच्या चष्म्यावर आपोआप निर्बंध येत नाहीत. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-ई हे संमतीवाचून शरीराच्या खासगी भागांचे चित्र टिपण्यापुरते, प्रसृत करण्यापुरते मर्यादित आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. भारतीय न्याय संहितेचे कलम ७७ खासगी कृतीत असलेल्या स्त्रीला चोरून पाहण्याबद्दल किंवा तिचे चित्र टिपण्याबद्दल आहे आणि पहिल्या गुन्ह्याला किमान एक व कमाल तीन वर्षांची कैद सांगते. या कलमाचा एक उपयुक्त भाग फारसा कोणाला माहीत नसतो : स्त्रीने चित्र टिपण्यास संमती दिली असेल, परंतु ते इतरांना दाखवण्यास दिली नसेल, तर ते पसरवणे हाही गुन्हाच ठरतो. आपल्या उपचारकक्षात कपडे सैल केलेल्या महिला रुग्णाचे चित्रीकरण या तरतुदींच्या कक्षेत येऊ शकते. प्रतीक्षाकक्षात बसलेल्या रुग्णांचे चेहरे मात्र येत नाहीत.

'मग २०२३ चा डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा कशासाठी आहे?' असे आपण विचाराल. त्या कायद्याने व्यक्तीने वैयक्तिक किंवा घरगुती कारणासाठी हाताळलेली माहिती आपल्या कक्षेबाहेर ठेवली आहे, त्यामुळे हौसेने चित्रीकरण करणारा रुग्ण बहुधा त्यातून निसटतो. युरोपात अशी सवलत आहे, परंतु तिथल्या न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये, घरावर बसवलेल्या कॅमेऱ्यात सार्वजनिक रस्ता येत असेल तर ते निव्वळ घरगुती काम राहत नाही, असा निर्णय दिलेला आहे. आपल्याकडे ही सीमा कुठे पडेल, हे प्रत्यक्ष खटल्यांतूनच ठरेल.

उलट आपण स्वतः उपचारांच्या नोंदीसाठी असा चष्मा वापरायचे ठरवलेत, तर आपला व्यवसाय घरगुती सवलतीत बसत नाही आणि संमती घेण्याची जबाबदारी आपल्यावर येते. नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या नियमांनी मुख्य जबाबदाऱ्यांसाठी १८ महिन्यांची मुदत दिलेली आहे. तरीही लेखी संमतीची सवय आधीपासून लावून घेतलेली चांगली. त्या संमतीपत्रात 'दिवा लागलेला रुग्णाने पाहिला' असे वाक्य घालू नका. दिवा दिसणे म्हणजे रुग्णाने होकार देणे नव्हे.

प्रश्न : माझी दृष्टी जवळपास गेलेली आहे. मुलीने परदेशातून आणलेल्या कॅमेऱ्याच्या चष्म्यामुळे मला बसची पाटी, औषधाच्या बाटलीवरचे नाव, नोटेची किंमत हे सगळे कानात ऐकू येते. परंतु दिवा लागला की बसमधले लोक संशयाने बोलतात, एकाने तर चष्मा ओढण्याचा प्रयत्न केला. मी हे वापरणे सोडून द्यावे का?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : मुळीच सोडू नये. या सदरात आलेल्या पत्रांपैकी हेच पत्र आम्हाला सर्वांत मोलाचे वाटले, कारण कॅमेऱ्याच्या चष्म्यावर सरसकट बंदी मागणारे लोक आपल्यासारख्यांचा विचार करत नाहीत. जे उपकरण गुगल ग्लास या नावाने बदनाम झाले, त्याच्याच व्यावसायिक आवृत्तीवर नेदरलँड्समधील एनव्हिजन या कंपनीने दृष्टिहीनांसाठी वाचून दाखवणारा चष्मा तयार केला. दृष्टिहीनांना दूरच्या स्वयंसेवकांशी जोडणाऱ्या बी माय आइज या सेवेनेही रे-बॅन मेटाशी सांगड घातली आहे. मौजेसाठी वापरणाऱ्याची आणि गरजेसाठी वापरणाऱ्याची गणना एकाच पंक्तीत होऊ नये.

दिव्याच्या संदर्भात आपली अडचण दुहेरी आहे. दिवा चालू आहे की नाही, हे आपल्याला स्वतःला दिसत नाही. आणि समोरचाही आपल्यासारखाच दृष्टिहीन असेल तर त्यालाही त्या दिव्याचा उपयोग शून्य. येथे आवाजाची खूण अधिक न्याय्य ठरते. जपानमध्ये मोबाइलच्या कॅमेऱ्याचा आवाज बंद करता येत नाही, ही तेथील मोबाइल कंपन्यांची जुनी प्रथा आहे, आणि दक्षिण कोरियात २००४ पासून त्यासाठी ६० ते ६८ डेसिबलचे उद्योग-मानक आहे. दोन्ही ठिकाणी कारण एकच, चोरून काढलेले फोटो. चष्मे बनवणाऱ्यांनी प्रकाशाबरोबर समोरच्याला ऐकू जाईल असा आवाजही द्यावा, अशी मागणी दृष्टिहीनांच्या संस्थांनीच पुढे रेटली, तर तिला नकार देणे कठीण जाईल.

तोपर्यंत पांढरी काठी सोबत ठेवावी आणि पाटी वाचायला चष्मा वर धरण्याआधी "मला दिसत नाही, चष्मा पाटी वाचून दाखवतो" एवढे मोठ्याने म्हणावे. हे दर वेळी आपणच का सांगायचे, असे वाटणे साहजिक आहे आणि त्या तक्रारीत तथ्य आहे. अंगावर हात टाकून चष्मा ओढणाऱ्याच्या बाबतीत मात्र समजावण्याची गरज नाही. वाहकाला बस थांबवायला सांगावी आणि पोलिसांत तक्रार द्यावी.

प्रश्न : मी नोकरीनिमित्त म्युनिकमध्ये राहतो. येथील मंडळाच्या गणेशोत्सवात चष्म्याने आरतीचे चित्रीकरण केले तर चालेल का?
— एक वाचक, जर्मनी

उत्तर : मंडळाला आधी विचारून आणि उपस्थितांना जाहीरपणे सांगून केले तर बहुधा अडचण येणार नाही. न विचारता केले तर मात्र येऊ शकते, आणि ती भारतापेक्षा मोठी असेल. जर्मनीत एखाद्याचे खासगी बोलणे त्याच्या नकळत ध्वनिमुद्रित करणे हा दंडसंहितेच्या कलम २०१ खाली गुन्हा आहे. आरतीचा आवाज सर्वांसाठी असतो. प्रसादाच्या रांगेत शेजारणीने सांगितलेली घरची गोष्ट तशी नसते, आणि चष्म्याचा मायक्रोफोन दोन्ही सारखेच टिपतो. ओळखू येणाऱ्या व्यक्तीचे चित्र प्रसिद्ध करायलाही सामान्यतः तिची संमती लागते.

त्याखेरीज तेथे नेहमीच्या वापरातल्या वस्तूचे सोंग घेऊन गुपचूप चित्र किंवा आवाज टिपणारी उपकरणे जवळ बाळगण्यासच कायद्याने मनाई आहे. याच तरतुदीच्या आधारे फेब्रुवारी २०१७ मध्ये 'माय फ्रेंड केला' या बोलक्या बाहुलीवर बंदी आली आणि पालकांना ती निकामी करायला सांगितले गेले. दिवा असलेला चष्मा त्या वर्गात न पडण्यामागे तो दिवा हेही एक कारण आहे. तेव्हा दिवा झाकण्याचा किंवा काढून टाकण्याचा उद्योग तेथे चुकूनही करू नये.

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या व्यायामशाळेत आणि तरणतलावावर असे चष्मे बंद करण्याचा ठराव आणायचा आहे. मसुदा कसा असावा?
— एक सचिव, मुलुंड

उत्तर : थोडक्यात असावा. 'कपडे बदलण्याची खोली, तरणतलाव व व्यायामशाळा येथे कॅमेरा असलेले कोणतेही अंगावर वापरायचे उपकरण चालू किंवा बंद स्थितीत वापरता येणार नाही' एवढे वाक्य पुरे आहे. 'दिवा बंद असल्यास हरकत नाही' अशी सूट काही सभासद सुचवतील. ती ठेवू नका, कारण मग दर वेळी दिवा बघत उभे राहण्याचे काम सुरक्षारक्षकाच्या गळ्यात पडेल. नंबरचा चष्मा असणाऱ्यांनी साधा चष्मा आणावा आणि दृष्टिहीन सभासदांना समितीने लेखी परवानगी द्यावी, ही दोन उपवाक्ये मात्र जोडावीत. कंपन्यांची नावे ठरावात घालू नयेत, नाहीतर पुढच्या वर्षी नव्या नावाचा चष्मा आला की सर्वसाधारण सभेपुढे पुन्हा हाच विषय घ्यावा लागेल.